रेडिएशन संपलं, गाठ गेली, तरी बाबांना घास का उतरत नाही?

प्रश्न नागपूरच्या मानेवाड्याहून एका मुलीने विचारला आहे. तिच्याच शब्दांत, थोडा आटोपशीर करून देते: "वडील ६१ वर्षांचे. जिभेच्या मुळाशी कॅन्सर होता. ३५ रेडिएशन आणि सोबत केमो झाली, ते संपून दहा आठवडे झाले. नाकातली नळी काढून महिना झाला. डॉक्टर म्हणतात गाठ विरघळली. पण बाबांना पोळी उतरत नाही, पाण्याने ठसका लागतो, तोंड सारखं कोरडं पडतं. वजन ६४ वरून ५३ किलोवर आलं. आई सगळं मिक्सरमधून काढून देते, ते चार चमचे खाऊन ताट सारतात आणि परत नळी घाला म्हणतात. हे कधी बरं होईल? नळी घालावी का? आणि पुढे मे महिना आहे, त्याचं काय करावं?"

ताई, रेडिएशननंतर दहा आठवड्यांनी गिळायला त्रास होणं हे नेहमीचं आहे, त्यामुळे काही भलतंच झालंय असं लगेच मनात आणू नका. मात्र "होईल हळूहळू आपोआप" म्हणून सोडून देण्यासारखंही हे नाही. पुढचे काही महिने बाबांचा घसा रोज कामाला लागला पाहिजे, आणि तो कसा लावायचा हे तपासणी करून ठरवलं पाहिजे. नळीचा निर्णय वजन पाहून घ्यायचा. नळी घातली तरी घशाचं काम सुटत नाही, हे मात्र आत्ताच लक्षात ठेवा.

मी गिळण्याच्या आणि बोलण्याच्या तक्रारींवर काम करते. लोक आम्हाला बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणून ओळखतात. गिळण्यासाठीही स्पीच थेरपिस्टकडे जायचं असतं हे बहुतेक घरांना ठाऊक नसतं, आणि कॅन्सरच्या धावपळीत ते सांगायचंही राहून जातं.

घास गिळणं म्हणजे आपल्याला एकच क्रिया वाटते, पण त्यात तीसेक स्नायूंच्या जोड्या एकामागोमाग एक कामाला लागतात. जिभेचं मूळ घास मागे ढकलतं, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, श्वास थांबतो, अन्ननलिकेचं तोंड उघडतं. एवढं सगळं साधारण सेकंदाभरात उरकतं. बाबांची गाठ होती जिभेच्या मुळाशी, म्हणजे किरणांचा मोठा भार नेमका घास ढकलणाऱ्या जागेवर पडला. ढकलणं कमजोर झालं की घासाचा काही भाग घशातच मागे राहतो. हे उरलेलं अन्न पुढच्या श्वासाबरोबर श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो.

सध्या त्यांच्या घशात दोन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत. एक भरून येतं आहे आणि दुसरं आखडायला लागलं आहे. तोंड येणं, सूज, जळजळ ही बहुधा रेडिएशन संपल्यावर सहा-आठ आठवड्यांत ओसरते. चव परतायला कित्येक महिने लागतात. लाळ वर्ष-दोन वर्षांत काही प्रमाणात सुधारते, पूर्ण पहिल्यासारखी होईलच असं नाही. दुसरीकडे, किरण लागलेले स्नायू साधारण तिसऱ्या महिन्यापासून घट्ट आणि राठ व्हायला लागतात, आणि हे पुढे वर्षानुवर्षं चालू राहू शकतं. म्हणजे दुखणं कमी होऊन माणूस खायला लागेल असं वाटतं, त्याच सुमारास आखडणं सुरू होतं. बाबा आत्ता तिथे उभे आहेत. या दिवसांत वापरलेला घसा आणि नळीच्या भरवशावर पडून राहिलेला घसा यांच्यात सहा महिन्यांनी दिसणारा फरक मोठा असतो.

आता ठसक्याबद्दल, कारण घरच्यांची सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. पाण्याने ठसका लागतो म्हणून पाणी बंद, आणि खीर शांतपणे जाते म्हणून खीर सुरक्षित, असा हिशेब मांडला जातो. ठसका लागतोय याचा अर्थ घशाला अजून जाणीव आहे आणि वाट चुकलेला थेंब बाहेर फेकण्याची ताकद आहे. भीती त्या माणसाची वाटते, ज्याच्या श्वासनलिकेत अन्न जातंय आणि त्याला खोकलाच येत नाही. रेडिएशनने घशातली संवेदना बोथट होते, त्यामुळे असं होतं आणि ते फार दुर्मीळ नाही. म्हणून ठसके मोजत बसण्यापेक्षा छाती आणि वजन यांच्याकडे लक्ष ठेवा. जेवणानंतर "आऽऽ" म्हणायला सांगा. आवाज घुरघुरता, ओला आला तर घशात काहीतरी साठलं आहे. संध्याकाळी बारीक ताप येतो का, जेवणानंतर तासाभरात कफ वाढतो का, एक जेवण संपायला पाऊण तासाच्या वर लागतो का, हे वहीत लिहा. वजन दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर, पोट रिकामं असताना घ्या.

घरी पेलाभर पाणी प्यायला लावून "बघू ठसका लागतो का" अशी परीक्षा घेऊ नका. त्यासाठी नीट तपासण्या आहेत. व्हिडिओफ्लुओरोस्कोपीत बेरियम मिसळलेला घोट आणि घास देऊन चालत्या एक्स-रेवर तो कुठून कसा जातो ते पाहतात. फीस (FEES) नावाच्या तपासणीत नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळताना घसा वरून पाहतात. साध्या बेरियम स्वॅलोमध्ये मुख्यतः अन्ननलिका पाहतात, तो वेगळा. त्यामुळे चिठ्ठीवर नेमकं "गिळण्याची तपासणी" असं लिहून घ्या. नागपुरातलं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल असो, जामठ्याची एनसीआय ही कॅन्सर संस्था, मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालय) किंवा मिहानचं एम्स, उपचार जिथे झाले तिथेच आधी विचारा: कान-नाक-घसा विभाग कुठली तपासणी करतो, आणि स्पीच थेरपिस्ट कोणत्या दिवशी बसतात? कॅन्सरची फाइल आणि रेडिएशनचा सारांश सोबत ठेवा. कोणत्या भागाला किती डोस गेला हे आम्हाला त्यातून कळतं.

तपासणीवर मी एवढा जोर देते त्याचं कारण सांगते. "हनुवटी छातीला लावून गिळा" हा सल्ला तुम्हाला दहा जण देतील. काहींना त्याचा खरंच उपयोग होतो. पण ज्याच्या घशात खाली अन्न साठून राहतं, त्याने मान खाली घातली तर तेच साठलेलं श्वासनलिकेत ओघळू शकतं. एका बाजूचा घसा कमजोर असेल तर मान त्या बाजूला वळवून गिळणं फायद्याचं ठरतं. कोणाला एका घासाला दोनदा-तीनदा गिळावं लागतं. कोणासाठी श्वास रोखून गिळणं, लगेच खोकणं आणि श्वास घेण्याआधी पुन्हा गिळणं ही पद्धत लागते, पण हृदयाचा त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. बाबांना यातलं काय लागू पडेल ते त्यांचा घसा पाहूनच सांगता येतं.

दाट-पातळचंही तसंच. लकव्याच्या पेशंटला पाणी दाट करून देतात हे कोणीतरी ऐकलेलं असतं, मग औषधाच्या दुकानातून दाट करायची पावडर येते. काही पेशंटना ती लागतेही. पण रेडिएशननंतरचा त्रास पुष्कळदा उलटा असतो: ढकलायला जोर नाही आणि लाळ नाही, त्यामुळे दाट पदार्थ घशाला चिकटून बसतो आणि पातळ त्यातल्या त्यात खाली उतरतं. शिवाय दाट केलेलं पाणी कोणालाच आवडत नाही. माणूस ते पीतच नाही, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात हे परवडणारं नाही. तपासणी होईपर्यंत बाबांना पाणी चमच्याने किंवा लहान कपातून, एका वेळी एक घोट, ताठ बसून द्या. स्ट्रॉ नको, त्याने एकदम जास्त पाणी घशात येतं. मान मागे टाकून पेला रिता करण्याची सवय असेल तर ती पूर्ण बंद.

आता स्वयंपाकघरात येऊ. आईंना सांगा, सगळं एकत्र मिक्सरमध्ये फिरवू नका. वरण, भात, भाजी, पोळी यांचा एक करडा लगदा झाला की तो खायची वासना कोणालाही होणार नाही. त्यात बाबांची चव अजून परतलेली नाही, म्हणजे डोळ्यांना दिसेल आणि नाकाला जाणवेल तेवढीच जेवणाची मजा उरते. वरण वेगळं घोटा, भोपळा वेगळा, दही वेगळं. वाट्या लहान घ्या. मोठं ताट समोर आलं की "एवढं संपवायचं" या धास्तीनेच घसा बंद होतो.

सगळ्यात अवघड असतं ते पातळ आणि घट्ट एकत्र आलेलं अन्न. फोडणीचं पातळ वरण आणि मोकळा भात हे आपलं आजारी माणसाचं ठरलेलं जेवण. पण बाबा तोंडात भात चघळत असतात तेव्हा वरणाचं पाणी आधीच घशात उतरतं, आणि घसा तेव्हा तयार नसतो. तोच भात गुरगुट्या शिजवून, वरणात तूप घालून एकजीव घोटला की सरळ जातो. दुधात कुस्करलेली पोळीही अशीच: दूध वेगळं तरंगत असेल तर नको, पूर्ण मुरून मऊ गोळा झाला असेल तर चालेल. ज्वारीच्या कण्या ताकात सुट्या राहतात, त्या सध्या नको. त्याच ज्वारीच्या पिठाची गाळलेली आंबील छान. ताकाचा आंबटपणा झोंबत असेल तर दुधात करा.

बाबा नक्कीच तर्री-पोह्यांचा विषय काढणार, नागपूरकर माणूस आहे. त्यांना समजावून सांगा की यात तीन अडचणी एकत्र येतात: पोहा कोरडा आणि सुटा, तर्री पातळ, आणि वर तिखट. झणझणीत सावजी रश्श्याचं नाव तर इतक्यात काढूच नये. त्याऐवजी बिनमिरचीचं पातळ पिठलं करा, गुठळी न होऊ देता, वर तूप सोडून. बेसनात प्रथिनं चांगली असतात, पिठलं गुळगुळीत असतं, घास बांधून ठेवतं, आणि जिरं-हिंगाची फोडणी नाकाला ओळखीची वाटते. झुणका मात्र कोरडा आणि भुरभुरीत, तो टाळा. रव्याचा मऊ शिरा, घट्ट दही, दुधी हलवा दुधात घोटून, पनीर दुधाबरोबर वाटून, अंड्याचं कस्टर्ड, मुगाची मऊ खिचडी हे चालणारं. केळं मऊ म्हणून सगळे देतात, पण कोरड्या तोंडात ते टाळूला चिकटतं, त्यामुळे दुधात फेटून द्या. उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, शेव, चिवडा, टोस्ट, शेंगदाण्याचं जाडसर कूट हे कण करणारे पदार्थ लांब ठेवा.

संत्र्यांचं सांगायलाच हवं. आपल्याकडे पेशंटला भेटायला येणारा माणूस संत्री घेऊन येतो. फोडीची साल, आतला रस आणि आंबटपणा, तिन्ही या घशाला नकोसे. ती नातवंडांना द्या. मे महिन्यात आंब्याचा रस मात्र हक्काने द्या. रेषा राहू नयेत म्हणून गाळून, दूध आणि चमचाभर तूप घालून. तो मुळातच गुळगुळीत असतो आणि वाटीभर रसात भरपूर ऊर्जा मिळते. मधुमेह असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारून.

किती गेलं पाहिजे याचा अंदाज असा. वजनाच्या दर किलोला दिवसाला ३० ते ३५ कॅलरी आणि १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं. बाबांचं वजन ५३ किलो, म्हणजे साधारण १,६०० ते १,८५० कॅलरी आणि ६५ ते ८० ग्रॅम प्रथिनं. वजन वाढवायचं आहे म्हणून वरच्या आकड्याकडे पाहा. एवढं तीन जेवणांत होणार नाही. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा द्या. आणि प्रत्येक घासात काहीतरी वजनदार असू द्या: चमचाभर तुपाने ४५ कॅलरी वाढतात, दोन मोठे चमचे दूध पावडर घातली की पाचेक ग्रॅम प्रथिनं. नुसती पेज, नारळपाणी, भाजीचं सूप यांनी पोट भरतं, पण वजन वाढत नाही. दुखण्याचं औषध असेल तर ते जेवणाआधी अर्धा तास द्या. घसा सुन्न करणारं जेल किंवा गुळणी असेल तर ती घेऊन लगेच जेवायला बसवू नका. सुन्न घशाला चुकीच्या वाटेला गेलेलं अन्न कळत नाही. गोळ्या कुटून द्यायच्या आधी विचारा, काही गोळ्या कुटायच्या नसतात आणि त्यांचं पातळ औषध मिळतं.

एका गोष्टीवर मात्र सक्त नकार: नाकात तूप किंवा तेल सोडणं, अथवा पडलेल्या माणसाच्या तोंडात "घसा ओला राहील" म्हणून तूप ओतणं. तेलकट थेंब फुप्फुसात गेले तर वेगळाच, चिवट न्यूमोनिया होतो. सांगणाऱ्या मावशींचा हेतू चांगला असतो, त्यांना चहा द्या आणि विषय बदला.

व्यायामाचं आता. बाबांचं तोंड किती उघडतं? स्वतःची मधली तीन बोटं उभी करून पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तीन जात असतील तर ठीक. दोनच जात असतील, किंवा उघडण्याचं अंतर ३५ मिलिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर जबडा आखडला आहे. आपल्या विदर्भात याला आणखी एक कारण आहे, खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुन्याचं मिश्रण. वर्षानुवर्षं खर्रा खाल्लेल्या माणसाचे गाल सुपारीमुळे आधीच आतून राठ झालेले असतात, त्यावर रेडिएशन. अशा पेशंटचं तोंड झपाट्याने बंद होत जातं. मग ना चमचा जातो, ना ब्रश, ना डॉक्टरांना आत नीट दिसतं. जबडा हळूहळू ताणून तीस सेकंद धरणं, दिवसातून चार-पाच वेळा, हा साधा व्यायाम आजपासून सुरू करता येतो. लाकडी आइस्क्रीमच्या काड्यांची थप्पी दातांमध्ये ठेवून, आठवड्या-दोन आठवड्यांनी एक काडी वाढवत नेतात. ताण जाणवावा, कळ येऊ नये. आणि बाबा "तंबाखू सोडला, आता नुसती सुपारी" म्हणत असतील तर ते चालणार नाही. सुपारी स्वतःच कॅन्सर करते आणि तोंड आखडवते.

घशाच्या व्यायामांत मी साधारण हे शिकवते. जोर लावून गिळणं, म्हणजे जिभेने टाळू जोरात दाबून, घशाचे सगळे स्नायू आवळून. जिभेचं टोक दातांत हलकं धरून लाळ गिळणं. याने घशाची मागची भिंत पुढे यायला शिकते, पण हा व्यायाम फक्त लाळेवर, अन्नपाण्यावर कधीच नाही. गिळताना कंठमणी वर गेला की त्याला दोन-तीन सेकंद वरच रोखून धरणं. "ईऽऽ" असा आवाज जमेल तेवढा वरच्या पट्टीत नेणं, त्याने स्वरयंत्र उचललं जातं. हनुवटीखाली टॉवेलची घडी ठेवून ती हनुवटीने दाबणं. उताणं झोपून, खांदे न उचलता, फक्त डोकं वर करून पायाची बोटं पाहणं हा जुना आणि चांगला व्यायाम आहे, पण मानेच्या मणक्याचा त्रास असेल किंवा श्वासासाठी गळ्याला छिद्र केलेलं असेल तर तो करू नका. लाळ नसल्यामुळे कोरडं गिळणं जमत नाही, तेव्हा आधी ओठ-जीभ पाण्याने ओली करून घ्या. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक प्रकार दहा वेळा, इथून सुरुवात होते. थेरपिस्टने बाबांकडून एकदा करवून घेतलं पाहिजे. नुसतं वाचून कंठमणी कुठे रोखायचा ते कळत नाही.

कंटाळा येईल. सुरुवातीचे तीन-चार आठवडे काही फरक दिसत नाही आणि तिथेच लोक सोडतात. पेशंट टीव्हीवर मॅच पाहताना जबड्याचा व्यायाम करतो, हे मला पसंत आहे. जेवताना मात्र टीव्ही नाही, गप्पा नाहीत, ताठ बसणं, आणि जेवणानंतर अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही.

कोरडं तोंड आणि मे महिना. पारा ४५च्या आसपास गेला की चांगल्या माणसाच्या घशालाही कोरड पडते. इथे आपला वाळ्याच्या ताट्यांचा कूलर कामाचा आहे, कारण तो हवेत ओलावा सोडतो. एसी हवा कोरडी करतो. एसी लावायचाच असेल तर खोलीत पाण्याचं उघडं भांडं ठेवा. कूलरची टाकी मात्र दर दोन-तीन दिवसांनी घासून धुवा. पाण्याची बाटली हाताशी, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक घोट. दिवसभरात सगळं पातळ धरून दीड-दोन लिटर तरी जावं. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असेल तर किती द्यायचं ते डॉक्टर ठरवतील. लघवी गडद पिवळी, दिवसातून दोन-तीनदाच, उठताना चक्कर, अशी लक्षणं दिसली तर पाणी कमी पडतंय. लाळेसाठी फवारे आणि गोळ्याही मिळतात, त्यातल्या काही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायच्या. बाहेर पडताना मानेला सुती दुपट्टा, कारण शेक (म्हणजे रेडिएशन) घेतलेली कातडी उन्हाने लवकर भाजते.

तोंडाची स्वच्छता हा छातीचाही उपाय आहे. श्वासनलिकेत थोडं काही गेलंच, तर स्वच्छ तोंडातली लाळ कमी नुकसान करते. मऊ ब्रशने दोनदा, आणि प्रत्येक खाण्यानंतर चूळ: कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि चिमूट-दोन चिमूट मीठ. बाजारातला झोंबणारा अल्कोहोलवाला माउथवॉश नको. जिभेवर पांढरे थर दिसले आणि गिळताना एकाएकी जास्त दुखायला लागलं तर ती बुरशी असू शकते, डॉक्टरांनी दिलेल्या औषधाने आठवड्या-दोन आठवड्यांत आवरते. दात किडला तरी रेडिएशन झाल्याचं सांगितल्याशिवाय कोणाकडूनही काढून घेऊ नका, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. शेकलेल्या जबड्याचं हाड नीट भरून येत नाही, ते सडू शकतं.

आता नळी. बाबांनी साधारण १७ टक्के वजन गमावलं आहे, ते थोडं नाही. गरजेच्या निम्म्याहून कमी अन्न आठवडाभर जात असेल, वजन अजून घसरत असेल, किंवा तपासणीत तोंडाने घेतलेलं बरंच अन्न छातीत जाताना दिसलं, तर नळी घालावी आणि त्यात लाज मानू नये. थोडेच आठवडे लागणार असेल तर नाकातली, महिन्याच्या वर लागेलसं दिसत असेल तर पोटातून बसवलेली नळी बरी पडते. नाकातली नळी घशातून जाते, टोचते आणि गिळणंही अडवते. पण नळी घातल्यावर बाबांचा घसा सुट्टीवर जाता कामा नये. थेरपिस्ट जे सुरक्षित म्हणेल ते, मग ते दिवसातून पाच-सहा चमचे पाणी का असेना, तोंडाने चालू ठेवायचं, व्यायामही चालू. बाबा स्वतःच नळी मागतात, याचं कारण बहुधा त्यांची भीती असावी, असं मला वाटतं. प्रत्येक घासाला ठसका, मग घरातले सगळे धावतात, पाठ थोपटतात, आई रडकुंडीला येते. ठसका लागला की त्यांना खोकू द्या, पुढे वाकू द्या, पाणी तोंडाला लावू नका. तुम्ही शांत बसून राहिलात की तेही जास्त खातील.

लगेच दवाखाना गाठायची कारणं: ताप आणि दम लागणं, दुर्गंधी कफ, स्वतःची लाळही न उतरणं, तोंडातून रक्त, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज. शेवटची दोन असतील तर रात्र असो की दिवस, सरळ इमर्जन्सीत. आणि सुधारत असलेलं गिळणं पुन्हा बिघडायला लागलं, किंवा कानात नवी कळ सुरू झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दाखवा. कधी अन्ननलिकेचं तोंड आवळलेलं असतं, ते दुर्बिणीतून फुगवून रुंद करता येतं, आणि घट्ट अन्न अडकण्याचा त्रास त्याने बराच कमी होतो. कधी गाठ परत आली नाही ना, हे पाहावं लागतं.

(स्वरयंत्र पूर्ण काढलेल्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. त्यांची श्वासाची वाट वेगळी झालेली असते, त्यामुळे छातीत अन्न जाण्याचा धोका जवळपास नसतो. आवाजासाठी बसवलेली झडप गळत असेल तर ती बदलायला लागते. त्यांचा मुख्य त्रास वाट अरुंद होण्याचा.)

कधी बरं होईल, हा तुमचा प्रश्न राहिला. सर्वात जास्त सुधारणा पहिल्या सहा महिने ते वर्षभरात होते. दिवाळीपर्यंत बाबा मऊ फुलका वरणात मुरवून खात असतील, अशी मी आशा धरेन. कोरडी पोळी काहींना कायमच पाण्याच्या घोटाबरोबर घ्यावी लागते. काहींना चार-पाच वर्षं चांगली गेल्यावर घसा पुन्हा कमजोर पडतो, म्हणून व्यायाम पूर्ण सोडायचे नाहीत. दिवसातून एकदा तरी.

रेडिएशन संपल्यावर साधारण १२ आठवड्यांनी पेट स्कॅन (गाठ कुठे उरली आहे का ते पाहणारा स्कॅन) करतात, म्हणजे तुमची तारीख जवळच असेल. त्याच फेरीत चार गोष्टी मागून घ्या: गिळण्याच्या तपासणीची चिठ्ठी, आहारतज्ज्ञांची भेट, दातांची तपासणी आणि टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी. मानेला शेक घेतलेल्यांचं थायरॉइड पुढे मंदावू शकतं. थकवा, भूक न लागणं, आवाज जड होणं हे त्यानेही होतं, आणि ते दर सहा ते बारा महिन्यांनी पाहत राहायला लागतं. तोवर वही भरत राहा: वजन, ताप, किती वाजता काय खाल्लं आणि किती वेळ लागला. ती वही आणि रेडिएशनचा सारांश, दोन्ही सोबत न्या.